‘ती घरीच असते’ : स्त्रीवादी विचार आणि संख्याशास्त्र

संख्याशास्त्राचे नाव काढले की आपल्या कला शाखेतील बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. अर्थशास्त्राच्या एखाद्या पेपरापुरती सरासरी, मध्यगा आणि बहुलक यांची ओळख करून घ्यावी आणि परीक्षा संपताच ती विसरून जावी, असाच आपला रिवाज आहे. उलट स्त्रीवादाचा विषय निघाला की प्रत्येकाजवळ बोलण्यासारखे काहीतरी असते. एक विषय रुक्ष, आकड्यांचा. दुसरा जिव्हाळ्याचा, वादाचा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध तो काय, असे कोणालाही वाटेल. परंतु गेल्या पन्नास वर्षांतला आपल्या देशाचा इतिहास पाहिला, तर हे दोन विषय एकमेकांशी सतत भांडत आणि एकमेकांच्या मदतीला धावत आले आहेत असे दिसते. ते कसे, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

आरंभी एक साधा प्रसंग कल्पू या. जनगणनेचा प्रगणक एका खेड्यातील घराच्या ओट्यावर बसला आहे. घरचा कर्ता पुरुष समोर आहे. नाव, वय, शिक्षण लिहून झाले. प्रगणक विचारतो, “मंडळी काय काम करतात?” कर्ता पुरुष सहजपणे सांगतो, “ती काही करत नाही. ती घरीच असते.” प्रगणक तसे लिहून घेतो आणि पुढच्या घरी जातो. ‘ती’ त्या वेळी घरी नसतेच. ती खुरपणीला गेलेली असते, किंवा डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन परतत असते. पहाटे उठून तिने झाडलोट केलेली असते, पाणी भरलेले असते, भाकऱ्या थापलेल्या असतात, शेरडांना चारा टाकलेला असतो. रात्री पोरे निजल्यावर दुसऱ्या दिवसाचे धान्य ती निवडणार असते. एवढे सारे होऊनही देशाच्या दप्तरात तिच्या नावापुढे ‘काम करीत नाही’ अशी नोंद होते. येथे प्रगणक लबाड नाही आणि नवराही खोटे बोलत नाही. ‘काम’ या शब्दाचा जो अर्थ दोघांच्याही डोक्यात आहे, तोच तेवढा कागदावर उतरलेला आहे.

आकडा स्त्रियांच्या बाजूने बोलतो तेव्हा

आकडे म्हणजे पुरुषी सत्तेचे हत्यार, असे म्हणून ते झिडकारण्याकडे काहींचा कल असतो. तो मला योग्य वाटत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल ही आपल्याला दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ठाऊक आहे. परंतु क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनीच अधिक मेले, हे तिने आकडे आणि आकृत्या मांडून सरकारच्या गळी उतरविले, आणि १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाची ती पहिली स्त्री सभासद झाली. करुणेला आकड्यांची जोड मिळाली की तिचे वजन वाढते, हे तिने ओळखले होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून मोलाचे आहे. १९७१ साली केंद्र सरकारने भारतातील स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्ष होत्या. पुढे वीणा मजुमदार सदस्य-सचिव झाल्या आणि १९७४ च्या अखेरीस समितीचा अहवाल पूर्ण झाला. ‘समानतेकडे’ अशा अर्थाचे त्याचे इंग्रजी नाव आहे. स्वातंत्र्य मिळाले, घटनेने समता दिली, मताचा अधिकार मिळाला. तेव्हा स्त्रियांची स्थिती सुधारतच असणार, असे सुशिक्षित वर्ग धरून चालला होता. समितीने जनगणनेचे आकडे ओळीने मांडले आणि हा समज कोसळला. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली त्या ९३० उरल्या होत्या. सत्तर वर्षांत देश पुढे गेला होता आणि स्त्रिया मात्र संख्येनेच घटत चालल्या होत्या.

यावर शंका काढणारे होतेच. ‘लोक घरातल्या मुली सांगत नाहीत, म्हणून आकडा कमी दिसतो, मुली आहेत, पण मोजल्या जात नाहीत’, असे म्हटले जाई. प्रवीण विसारिया या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९६१ च्या जनगणनेच्या आधारे या शंकेची कसून तपासणी केली. मोजणीतील चुकांपेक्षा स्त्रियांमधील अधिक मृत्युमान हेच या तुटीचे मुख्य कारण आहे, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणजे मुली लपविल्या जात नव्हत्या. मुली मरत होत्या. पुढे १९९० साली अमर्त्य सेन यांनी हाच हिशेब आशिया आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत नेला आणि दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘हरवल्या’ आहेत असे जगाला सांगितले.

महाराष्ट्रात तर या आकड्यांनी कायदा घडविण्यास हातभार लावला. गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध स्त्रीसंघटनांनी आणि आरोग्यक्षेत्रातील कार्यकर्त्यांनी मुंबईत चळवळ केली आणि १९८८ साली या परीक्षेवर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा त्यानंतर, १९९४ साली आला. मात्र कायद्याने काय साधले हेही शेवटी आकड्यांनाच विचारावे लागते. सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३ आणि २०११ साली ८९४. पहिला कायदा करण्याचा मान आणि हा आकडा एकाच राज्याचे आहेत. आकडा आपल्या बाजूने बोलतो तेव्हाही तो आपल्याला लाजवू शकतो. म्हणूनच तो विश्वासाला पात्र ठरतो.

आकडा मुका होतो तेव्हा

स्त्रीच्या अस्तित्वाची मोजदाद अशी झाली. तिच्या श्रमाची मोजदाद करायची वेळ आली, तेव्हा मात्र हेच शास्त्र अडखळले. याचे सर्वांत बोलके उदाहरण १९६१ आणि १९७१ या दोन जनगणनांत सापडते.

१९६१ च्या जनगणनेत सुमारे ५ कोटी ९४ लक्ष स्त्रिया काम करणाऱ्या म्हणून नोंदल्या गेल्या. एकूण स्त्रियांत त्यांचे प्रमाण सुमारे २८ टक्के पडत होते. दहा वर्षांनी ही संख्या सुमारे ३ कोटी १३ लक्षांवर आली आणि प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर. या दहा वर्षांत देशातील स्त्रियांची संख्या पाच कोटींनी वाढली होती. मग पावणेतीन कोटींहून अधिक काम करणाऱ्या बायका गेल्या कोठे? त्या काही काम टाकून घरी बसल्या नव्हत्या. भातलावणी तशीच चालली होती, खुरपणी तशीच चालली होती, कापूसही वेचला जात होता.

बदलला होता तो प्रश्न. १९६१ साली शेतीसारख्या हंगामी कामात, हंगामाच्या बहुतेक काळात रोज एक तासाहून अधिक काम करणारी व्यक्ती कामकरी मानली गेली. १९७१ साली प्रत्येकाला त्याचा ‘मुख्य’ उद्योग विचारला गेला. आपल्या समाजात विवाहित स्त्रीचा मुख्य उद्योग कोणता, याचे उत्तर तिने स्वतः दिले काय किंवा नवऱ्याने दिले काय, एकच येणार – घर सांभाळणे. एकदा तसे उत्तर दिले की ती काम न करणाऱ्यांच्या रकान्यात गेली. शेतातले तिचे आठ तास दुय्यम ठरले. या घटीत खरी घट किती आणि व्याख्येची करामत किती, यावर अभ्यासकांत बरीच चर्चा झाली. गिरण्या आणि यंत्रे आल्यामुळे स्त्रियांचे काही पारंपरिक उद्योग खरोखरीच बुडाले होते. परंतु एका दशकात निम्मी घट व्हावी, ही किमया व्याख्येवाचून शक्य नव्हती.

पुढच्या जनगणनांत हळूहळू दुरुस्ती होत गेली. १९८१ साली आधी ‘गेल्या वर्षात तुम्ही थोडेतरी काम केले का?’ असे विचारून मग वर्षातले १८३ किंवा अधिक दिवस काम करणारे ‘मुख्य’ आणि त्याहून कमी काम करणारे ‘सीमांत’ असे दोन वर्ग पाडले गेले. स्त्रियांचे प्रमाण लगेच सुमारे २० टक्क्यांवर आले. १९९१ साली स्त्री-अभ्यासकांच्या आग्रहामुळे प्रश्नातच आणखी काही शब्द घालण्यात आले : शेतावर किंवा घरच्या धंद्यात मोबदल्यावाचून केलेले कामही यात धरावे. या जनगणनेत प्रमाण २२ टक्क्यांच्या वर गेले, तर २००१ आणि २०११ साली ते साडेपंचवीस टक्क्यांच्या आसपास होते. कंसातल्या चार शब्दांनी लक्षावधी बायकांची नोंद पालटू शकते. प्रश्नपत्रिका काढणे हे किती जबाबदारीचे काम आहे, हे आपल्या प्राध्यापकांना सांगावयास नकोच. पण देशाची प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांची जबाबदारी त्याहून मोठी आहे.

क्रमांक ९३

जनगणना दर दहा वर्षांची. मधल्या काळात राष्ट्रीय नमुना पाहणी माहिती गोळा करीत आली आहे. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या प्रेरणेने १९५० साली सुरू झालेली ही पाहणी संख्याशास्त्रातील भारताचे मोठे कर्तृत्व मानले जाते. तिच्या वर्गीकरणात प्रत्येक व्यक्तीला तिच्या व्यवसायानुसार एक क्रमांक मिळतो. त्यात ९२ हा क्रमांक ‘केवळ घरकाम करणारी’ व्यक्ती दाखवितो. ९३ हा क्रमांक घरकाम करून शिवाय घरच्या उपयोगासाठी सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणे, शिवणे, विणणे इत्यादी कामे करणाऱ्या व्यक्तीचा. गंमत अशी की, हे दोन्ही क्रमांक श्रमशक्तीच्या बाहेरचे. म्हणजे पाहणीला दिसते आहे की बाई सरपण आणते. तिने तसे लिहूनही घेतले. आणि तरीही बेरीज करताना तिला बाहेर ठेवले.

ही केवळ आपल्या देशातील गफलत नव्हे. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची जी पद्धत संयुक्त राष्ट्रसंघाने रूढ केली, तिच्यातच हा पेच आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पिगूचे उदाहरण आठवत असेल : एखाद्या गृहस्थाने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले तर राष्ट्रीय उत्पन्न घटते! स्वयंपाक तोच, बाईही तीच. फक्त पगार थांबला. न्यूझीलंडच्या संसदेच्या माजी सभासद मॅरिलिन वेअरिंग यांनी १९८८ साली एक सबंध ग्रंथ लिहून या पद्धतीवर हल्ला चढविला. १९९३ साली राष्ट्रसंघाने नियम थोडे सैल केले. घरच्या उपयोगासाठी वस्तू निर्माण करणे किंवा गोळा करणे, पाणी आणणे, धान्य कांडणे ही कामे उत्पादनाच्या कक्षेत आली. स्वयंपाक, मुलांचे संगोपन, आजाऱ्यांची शुश्रूषा ही मात्र बाहेरच राहिली.

आपल्याकडील स्त्री-अभ्यासकांनी यावर एक वेगळीच वाट शोधली. ‘तुम्ही काम करता का?’ हा प्रश्नच सोडून द्यावा आणि ‘काल दिवसभर काय काय केलेत?’ असे विचारावे. देवकी जैन यांनी १९७६-७७ च्या सुमारास राजस्थान आणि पश्चिम बंगालमधील काही खेड्यांत अशी वेळेची नोंद करविली. तेव्हा पाहणीत ‘घरकाम’ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या स्त्रिया प्रत्यक्षात शेतात, गोठ्यात आणि धान्याच्या प्रक्रियेत राबत असल्याचे दिसून आले. पुढे १९९८-९९ मध्ये सरकारने सहा राज्यांतील साडेअठरा हजारांहून अधिक कुटुंबांत प्रायोगिक पाहणी केली आणि २०१९ साली पहिली अखिल भारतीय कालविनियोग पाहणी झाली.

या पाहणीचा एक आकडा वृत्तपत्रांत पुष्कळ गाजला : बिनमोबदला घरकामात स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ९७ मिनिटे. हा आकडा नीट वाचणे आवश्यक आहे. ही सरासरी सर्व पुरुषांची नाही. त्या दिवशी ज्यांनी थोडेतरी घरकाम केले, त्यांचीच आहे. असे पुरुष होते २६.१ टक्के, अशा स्त्रिया होत्या ८१.२ टक्के. आता आपणच गुणाकार करून पाहावा. सर्व पुरुषांवर ही मिनिटे वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम २५ मिनिटे येतात. स्त्रीच्या वाट्याला सुमारे २४३, म्हणजे चार तासांहून अधिक. सरासरी कोणाची, हा एक प्रश्न विचारताच तिपटीचे अंतर जवळजवळ दसपट झाले! २०२४ च्या पाहणीत काम करणाऱ्यांची ही सरासरी स्त्रियांसाठी २८९ आणि पुरुषांसाठी ८८ मिनिटे निघाली. दोन्ही आकडे थोडे उतरले, अंतर मात्र होते तेवढेच राहिले. मध्यगा आणि सरासरी शिकताना कंटाळणाऱ्या आपल्या मित्रांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे, अशी माझी विनंती आहे.

मोजून काय होते?

येथे कोणी विचारील, की बाईचे काम मोजले म्हणून तिच्या डोक्यावरचा हंडा उतरतो काय? आणि आईच्या मायेची किंमत का करावयाची? आक्षेप रास्त आहेत. पण न मोजण्याचीही किंमत असते, आणि ती कधी कधी न्यायालयात उघडी पडते.

अपघातात गृहिणी मरण पावली तर तिच्या कुटुंबाला नुकसानभरपाई किती द्यायची? भरपाई ठरते ती मृताच्या मिळकतीवरून, आणि कागदोपत्री गृहिणीची मिळकत शून्य. जमशेदपूर येथे १९८९ साली झालेल्या आगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा तीन हजार रुपये धरले. २०१० साली अशाच एका अपघाताच्या खटल्यात याच न्यायालयाने जनगणनेकडे बोट दाखविले. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या स्त्रियांना भिकारी, वेश्या आणि कैदी यांच्याबरोबर अनुत्पादक वर्गात बसविल्याबद्दल न्यायालयाने कडक नापसंती व्यक्त केली. २०२१ च्या आणखी एका निकालात तर २०१९ च्या कालविनियोग पाहणीचे आकडेच आधाराला घेतले गेले. खेड्यातील बाईला ‘काल काय काय केलेत?’ असे विचारण्याची जी रीत अभ्यासकांनी रुजविली, तिचे उत्तर असे अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

दुसरे असे की, जी नोंद कागदावर नाही तिच्यासाठी योजनाही होत नाही. शेतात राबणारी बाई सातबाराच्या उताऱ्यावर नसते आणि पाहणीत ‘घरकाम’ म्हणून लिहिली जाते. मग कर्ज, बियाणे, प्रशिक्षण ही तिच्यापर्यंत पोहोचावीत कशी? २०११-१२ च्या नमुना पाहणीत घरकामात असलेल्या ग्रामीण स्त्रियांपैकी सुमारे एक तृतीयांश स्त्रियांनी, घरबसल्या काम मिळाले तर करण्याची तयारी दाखविली होती. दिवसभर राबणारी बाई ‘काम मिळाले तर करीन’ म्हणते, तेव्हा तिला पैसा हाती येईल असे काम हवे असते. हा भेद सरकारच्या हिशेबात असणे जरुरीचे आहे.

तथापि सावधगिरीही हवी. सारे घरकाम उद्या ‘रोजगार’ म्हणून लिहिले, तर देशात एकही स्त्री बेकार उरणार नाही – कागदावर! खरोखरीची नोकरी शोधणारी मुलगी त्या आकड्याखाली गाडली जाईल. जगातील श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या २०१३ च्या जिनीव्हा परिषदेने यावर शहाणपणाचा तोडगा काढला : ‘काम’ आणि ‘रोजगार’ या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्यात. घरकाम हे कामच. पण मोबदल्याचा रोजगार नव्हे. आपल्या देशातही १५ वर्षांवरील स्त्रियांचे श्रमशक्तीतील प्रमाण २०१७-१८ साली २३.३ टक्के होते, ते २०२३-२४ साली ४१.७ टक्क्यांवर गेल्याचे नियतकालिक पाहणीत दिसले. ही वाढ बव्हंशी ग्रामीण भागातली आणि स्वयंरोजगारातली आहे. तेव्हा तिचा आनंद मानण्यापूर्वी, या बायकांच्या हाती पैसा पडतो का, की घरच्याच धंद्यातली बिनपगारी मदतनीस आता मोजली जाऊ लागली, हे विचारलेच पाहिजे. आकडा घटला म्हणजे प्रश्न विचारायचा आणि वाढला म्हणजे टाळ्या वाजवायच्या, हे प्रामाणिकपणाचे लक्षण नव्हे.

एवढ्या विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. आकडा आभाळातून पडत नाही. तो कोणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे, कोणीतरी दिलेले उत्तर असतो. संख्याशास्त्राने स्त्रीवादाला पुरावा दिला, आणि स्त्रीवादाने संख्याशास्त्राला अधिक चांगले प्रश्न विचारावयास शिकविले. हे ऋण दुहेरी आहे. ज्यांना आकड्यांचे वावडे आहे त्यांनी आणि ज्यांना आकडेच अंतिम सत्य वाटतात त्यांनीही, ते ओळखावे.

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबली आणि तिच्यासाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिवस ठरविण्यात आला. गणनेसाठी प्रगणक दारात येतो तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी त्याच्यासमोर बसतो. त्या वेळी ‘आई काय करते?’ या प्रश्नाचे उत्तर सवयीने देऊन टाकू नये. तिला बाहेर बोलवावे आणि तिलाच विचारावे.